पायातली राली

आमच्या ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘बारशाची म्हातारी’ म्हणतात. म्हणेनात का. प्लॉवदिव शहरातल्या या चौथ्या मजल्यावर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही क्लास नाव लावून हिंडत नाही. क्लास म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एकदाच सांगते. तो प्रोग्रामातला एक कामकरी. त्याला काय माहीत असावं आणि त्यानं काय करावं हे एका जागी लिहायचं, वर नाव घालायचं. मग त्याच्यावर दुसरे क्लास उभे करता येतात. खालच्याकडे जे असतं ते वरच्यांना वारशानं मिळतं, मागावं लागत नाही.

पोरं काय वाट्टेल ती नावं ठेवतात. मॅनेजर, हेल्पर, हँडलर. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी विचारते, बाळा, हा करतो काय? एका वाक्यात सांग, मध्ये ‘आणि’ येऊ देऊ नकोस. ‘आणि’ आला की ओळखायचं, हे एकाचं काम नाही. दोन तुकडे करा, दोघांना दोन नावं द्या, दोन फोल्डरांत ठेवा. माझं तोंड फाटकं आहे हे मला कुणी सांगायला नको. पण माझ्या प्रोजेक्टात आंधळा शिरला तरी त्याला हवं ते सापडतं.

राली, म्हणजे रालित्सा, ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दिमाना स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली ती तिथलीच झाली, आणि राली शाळेत असल्यापासून माझ्याकडे. मला मूल नाही. नवरा होता, तोही आता नाही. ती मला लेल्यो म्हणते, आमच्याकडे मावशीला म्हणतात तसं, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. प्रोग्राम तपासायच्या कामावर तिला मीच लावलं. वशिला होता, नाही कशाला म्हणू? पण दुसऱ्याच्या कोडातली चूक पोरीला वासावरून कळायची. आणि हसायची तर अशी, की खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य छताला काठी ठोकायचा.

बाल्कन डोंगराच्या पलीकडे एक थंड शहर आहे. तिथे एका मोठ्या भट्टीतून घराघरांत गरम पाणी जातं, त्यावर घरं ऊब धरतात. ते पंप, त्या झडपा, त्यांचा सगळा कारभार आमच्या प्रोग्रामनं बघायचा होता. आणि आमचा प्रोग्राम उभा राहीना. दिवसभर बांधावं, आणि संध्याकाळी लोक घरी येऊन ऊब मागायला लागले की तो बसावा. बसला की पंप थांबायचे, मग तिथल्या माणसांनी हातानं चाकं फिरवायची. आम्हाला फोनवर जे ऐकायला मिळायचं ते मी इथे सांगत नाही.

दुखणं पायातच होतं. सगळा प्रोजेक्ट ज्याच्यावर उभा होता तो एक क्लास. तो पाण्याचं तापमान वाचायचा, झडपा फिरवायचा, कालपरवाचं सगळं लक्षात ठेवायचा, बिघाड झाला की बोंब मारायचा, आणखी काय काय करायचा. घाईघाईत ज्यानं त्यानं आपलं गाठोडं त्यात आणून टाकलेलं. त्याचं काम कुणाला एका वाक्यात सांगता येईना, म्हणून त्याला मी नाव देऊ देईना. बिननावाचाच पडला होता बापडा.

मी दिमानाकडे रजेवर गेले आणि इकडे पुढचा प्रकार झाला, तो मला मागाहून कळला. आमचा मुख्य ल्युबेन. आडदांड माणूस, पण आवाज मऊ. त्याचा आजोबा ब्रात्सिगोवो गावचा गवंडी होता, आणि घरं-पूल बांधणाऱ्या त्या माणसांच्या गोष्टी ल्युबेन जेवताना सांगत बसतो. त्या दिवशी सकाळी तो त्या क्लाससमोर डोकं धरून बसला होता. मागे खिडकीशी राली कॉफी पीत उभी. ऊन तिच्या पाठीवर, तिची सावली ल्युबेनच्या टेबलावर पडलेली. ल्युबेन म्हणाला, भिंत पडायला लागली की आमचे आजोबा रस्त्यानं जाणाऱ्याची सावली दोऱ्यानं मोजून घ्यायचे आणि तो दोरा पायाच्या दगडाखाली ठेवायचे. मग भिंत पडत नसे.

सगळे हसले. ल्युबेननं कानातली गाणी ऐकायची वायर काढली, रालीच्या सावलीवर ताणून धरली, पट्टीनं मोजली, आणि तो आकडा त्या क्लासच्या पहिल्या ओळीत टाकला. वर नाव लिहिलं, राली. आमच्याकडे कुणाचाही बदल दुसऱ्यानं पाहून होकार दिल्याशिवाय चालू प्रोग्रामात जात नाही. होकार कुणी द्यावा? रालीनंच दिला, हसत हसत.

त्या संध्याकाळी प्रोग्राम बसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी परत आले तोवर ऑफिसात सणच होता म्हणा ना.

मी ल्युबेनला धारेवर धरलं. माणसाचं नाव क्लासला? त्यावरून काय कळतं, काय करतो तो? ल्युबेन म्हणाला, तात्पुरतं आहे गं, पेन्का. मी म्हटलं, तात्पुरत्याएवढं टिकाऊ या जगात काही नाही. त्यावर त्यानं आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना नियम माझ्या तोंडावर मारला: चालतंय ना? मग हात लावू नकोस. तिकडे बर्फ पडायला लागला होता. मी चार शिव्या हासडल्या आणि गप्प बसले.

आधी रालीचे हात गार पडायला लागले. मी म्हटलं, हिवाळा आहे. पण ती बोटं कापलेले हातमोजे घालून कीबोर्डवर काम करायची, आणि रात्री माझ्या लोकरीच्या दोन चादरी घेऊनही कुडकुडायची. मग ते दुसरं सुरू झालं. एकदा जेवताना तिनं चमचा हवेतच धरला आणि म्हणाली की टेकडीवरचा पंप दमलाय. मी म्हटलं, दमायला तो काय गाढव आहे? सूप पी. पुढच्या घासाला माझा फोन वाजला. टेकडीवरच्या पंपाचा दाब उतरल्याचा इशारा होता. राली सूप पीत राहिली, जणू पाऊस येणार म्हणाली आणि आला.

असं वारंवार व्हायला लागलं. झडप कुठली अडकली, कुठल्या गल्लीत पाणी कोमट झालं, हे तिला आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यांच्या आधी कळायचं. पोरं तिची गंमत करायची, तीही हसायची. पण हसणं आता खालच्या मजल्यापर्यंत पोचत नव्हतं.

तिकडच्या लोकांनी खूश होऊन आणखी जोडण्या मागितल्या. इस्पितळ आलं, शाळा आल्या, नदीपलीकडची जुनी वस्ती आली. प्रत्येकासाठी नवा क्लास, आणि तो रालीवर उभा करायचा. ज्या दिवशी एखादा चढे त्या दिवशी माझी राली जिन्याचा कठडा धरून चढे. इस्पितळाचा चढला तेव्हा ती दोन मजल्यांच्या मध्ये बसूनच राहिली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदय तपासलं, सगळं ठीक. अशक्तपणा आहे, कलेजी खाऊ घाला, म्हणाले. कलेजी! मी खाऊ घातली, तीही.

त्या जिन्यात मी तिच्या शेजारी बसले. चिडले होते, कारण घाबरले होते. म्हटलं, तुला होतंय तरी काय, नीट सांग. ती भिंतीला डोकं टेकून म्हणाली, “लेल्यो, माझ्यावर कुणीतरी टेकलंय. एक नाही, खूप जण आहेत. वाईट नाहीत गं. त्यांना थंडी वाजतेय.”

मी देवभोळी नाही. ईस्टरला चर्चमध्ये जाते ती लाल अंड्यांसाठी. पण तेव्हा मला त्या जिन्यात एकटं बसवेना, आणि शेजारी राली असून मी एकटीच बसले आहे असं वाटत होतं.

मी तडक ल्युबेनकडे गेले. वाटलं, हसेल, आणि हसला तर कानाखाली वाजवायची असं ठरवूनच गेले. तो हसला नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाला की त्याला आधीच शंका आली होती. काही दिवसांपूर्वी त्यानं गुपचूप, कुणाचा होकार न घेता, चालू प्रोग्रामात ते नाव बदलून पाहिलं. रालीऐवजी ‘पाया’ लिहिलं, क्षणभर. त्याच क्षणी तिकडचे सगळे पंप थांबले. आणि इकडे राली कॉफीच्या यंत्रापाशी कोसळली. आम्ही सगळ्यांनी ती चक्कर समजून सोडून दिली होती, ती चक्कर नव्हती तर. त्यानं नाव परत घातलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

मी खुर्ची ओढून बसले. विचारलं, तुझा आजोबा काय म्हणायचा पुढे, दोरा ठेवल्यावर काय व्हायचं? त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाला, “दोरा काढला तर भिंतही जाते आणि माणूसही जातं.”

“आणि राहू दिला तर?”

“भिंत राहते.”

मेल्यानं एवढंच सांगितलं, आणि रडायला लागला. एवढा थोरला माणूस रडताना बघवत नाही. मी त्याला म्हटलं, रडायचं नंतर. दोरा काढता येत नाही ना? नको काढू. ओझं तर उतरवता येतं. हा क्लास एकटा दहा जणांची कामं करतोय, म्हणून पोरगी वाकलीय. एकेक काम काढून घेऊ, त्याला स्वतःचं खरं नाव देऊ, स्वतःच्या पायावर उभं करू. शेवटी रालीच्या अंगावर काही उरणारच नाही. ल्युबेनला ते पटलं. मला तर इतकं पटलं की कित्येक आठवड्यांनी मी त्या रात्री पोटभर जेवले. माझ्या आयुष्यभराची विद्या एकदाची माझ्या माणसाच्या कामी येणार होती.

पहिल्यांदा तापमान वाचायचं काम सोडवून घेतलं. वेगळा क्लास केला, नाव दिलं ‘तापमान वाचणारा’. स्वच्छ, एका वाक्यातला, ‘आणि’ नसलेला. ल्युबेननं पाहिलं, होकार दिला. दुसऱ्या सकाळी रालीनं हातमोजे काढून ठेवले. मी तिचे हात हातात घेऊन पाहिले, गार नव्हते. मला नाचावंसं वाटलं. हो, यंत्रातली वाफाळती कॉफी ती फुंकर न घालता घटाघटा प्यायली, ते मी पाहिलं. म्हटलं, तरुण आहे, तोंड कातड्याचं असतं या वयात.

मग झडपा फिरवायचं काम काढलं. जिना ती भरभर चढायला लागली. तिसरं काम बिघाडाची बोंब मारायचं. ते जरा गुंतलेलं होतं, पण नाव सुरेख बसलं, ‘बिघाड कळवणारा’. तेव्हापासून रालीची कुरकुर थांबली. डोकं दुखतंय नाही, पाठ दुखतेय नाही, माझ्या भाजीत मीठ कमी आहे हेही नाही. सुरीनं बोट कापलं तर रक्त ओट्यावर ठिबकेपर्यंत तिनं सांगितलं नाही. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, हलकं वाटतंय, लेल्यो. खूप हलकं. आणि छानसं हसली. खालचा दंतवैद्य आता काठी ठोकत नव्हता, पण मी म्हटलं, शहाणी झाली पोरगी.

मागचं लक्षात ठेवायचं काम शेवटचं नि सगळ्यांत मोठं. ते काढून ‘नोंदी राखणारा’ केला, तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले की पोरांसाठी केक मागवला. उन्हाळ्यात एका नालायकानं रालीला सोडलं होतं, त्याच्यासाठी ती रोज रडायची. आता त्याचं नावही काढेना. बरी झाली, मी म्हटलं. सगळीकडून बरी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात असतानाच दिमानाचा फोन आला. आवाज विचित्र होता. तिचं नि रालीचं भांडण झालं का, असं मला वाटलं. तसं नव्हतं. तिनं नेहमीसारखा लेकीला फोन केला होता, राली गोड बोलली, तब्येत विचारली, हवा विचारली.

“पण ती मला अहो-जाहो करत होती, पेन्का,” दिमाना म्हणाली. “तुम्ही कशा आहात, म्हणाली. मी म्हटलं, ही काय थट्टा? तर म्हणाली, माफ करा, आपण कोण बोलताय?”

मी फोन ठेवला. समोर राली आपल्या जागी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, पडद्याकडे बघत. पडद्यावर काही नव्हतं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली आणि मला बसायला जागा करून दिली, बसमध्ये म्हाताऱ्या बाईला देतात तशी.

मी म्हटलं, राली, मी कोण? ती विचार करत राहिली. चेहऱ्यावर ना भीती ना लाज. घर आवरून भाडेकरू निघून गेल्यावर खोली दिसते तसा तो चेहरा होता. तिला वाईट वाटू नये म्हणून मीच सांगितलं, मी तुझी लेल्यो. ती म्हणाली, बरं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओझं उतरवत नव्हते. ती कामं नि ती पोर आता वेगळी राहिलीच नव्हती. थंडी-ऊन, दुखणं-खुपणं, आठवण, एकेक करून मी तिच्यातून बाहेर काढलं होतं आणि सुबक नावं देऊन वेगवेगळ्या फोल्डरांत नेऊन ठेवलं होतं. प्रोग्राम इतका सुंदर कधीच दिसला नव्हता.

मी ल्युबेनच्या टेबलाकडे धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमलं तेवढं. त्याच्या पडद्यावर रालीचा क्लास उघडा होता. आत काही उरलं नव्हतं, पहिल्या ओळीतला तो आकडा तेवढा होता. कॉम्प्युटरनं त्याच्याखाली फिकट रेघ मारून सुचवलं होतं की हे कशाच्याच कामाचं नाही, काढून टाकावं. आमच्यातला कुणीही डोळे मिटून काढून टाकील. ल्युबेनचं बोट त्या काढून टाकायच्या बटणावरच होतं. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वळून रालीकडे पाहिलं, आणि त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुसट आवाजात म्हणाला की हा आकडा तिच्या सावलीचा आहे.

आमच्या धंद्यात एक बरं असतं. केलेलं सगळं मागे फिरवता येतं. जुनं कुठे ना कुठे जपलेलं असतं. पण मागे फिरवायचं म्हणजे ते सगळं पुन्हा त्या पोरीच्या अंगावर टाकायचं. थंडी, जिने, टेकलेली माणसं. मी रालीला विचारायला गेले. म्हटलं, पोरी, तुला दुखेल. करू का? ती मायेनं म्हणाली, तुम्हाला हवं ते करा. तिला दोन्ही सारखंच होतं. ज्याच्याजवळ दुखणं नाही त्याला नको म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग मीच ठरवलं. मी स्वार्थी आहे. मला माझी राली हवी होती, कुडकुडणारी का होईना.

मी सगळं मागे फिरवलं. सुबक नावांचे सगळे क्लास गेले, आणि तो गाठोड्यासारखा क्लास जसा होता तसा परत आला. ल्युबेननं होकार दिला.

राली खुर्चीतच दुमडली. दातांवर दात आपटत होते, ओठ निळे पडले. मी तिला माझ्या कोटात गुंडाळून धरलं, आणि तिचं ओझं माझ्या हातांना कळलं, ओल्या वाळूचं पोतं असावं तसं. तिनं डोळे उघडले आणि मला ओळखलं. लहानपणी ताप उतरल्यावर बघायची तशी बघितलं.

“लेल्यो,” ती म्हणाली, “तू मला आवरून ठेवत होतीस.”

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी कोट तिच्याभोवती आणखी घट्ट ओढला.

मग ती रडायला लागली, आईला फोन करायचाय म्हणाली, त्या नालायकाचं नाव घेऊनही रडली. मला ते रडणं ऐकून इतकं बरं वाटलं की मीही रडले. पोरं हळूच उठून बाहेर गेली. पण रडता रडता तिचा श्वास लागत होता. तिकडे संध्याकाळ व्हायला आली होती, लोक घरी यायला लागले होते. प्रत्येक घर तिच्यावर टेकत होतं. ती पुटपुटत होती, इस्पितळ आलं, शाळा आली. इतके दिवस ती कशी तगली होती कोण जाणे, पण आता उतरवून पुन्हा चढवलेलं ओझं तिला पेलवेना, हे कुणालाही दिसलं असतं.

काढता येत नाही. वाटता येत नाही. डोकं चालेना. आणि मग मला अगदी साधी गोष्ट सुचली, आमच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात ती. कुठलाही क्लास पायाचा असला म्हणून तो शेवटचाच असतो असं नाही. त्याच्याखाली आणखी एक घालता येतो. वरच्याला मग खालच्याचा आधार, खालच्याचं सगळं वरच्याला.

मी ल्युबेनला सांगितलं, रालीच्या खाली एक नवा क्लास घाल. त्यानं काय नाव, असं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. त्याचे हात थांबले.

“माझं नाव घाल, पेन्का,” तो म्हणाला. “केलं मी. भोगायचं मी.”

“तू तिचा कोण लागतोस?”

जे खालच्याचं ते वरच्याला मिळणार असतं; ते परक्याचं असून कसं चालेल? माझं जे काही आहे, ते शेवटी कुणाला जाणार होतं? घर तिचं, चादरी तिच्या, माझं फाटकं तोंडही थोडंफार तिच्यात उतरलंय. मी उठून पश्चिमेकडच्या खिडकीशी उभी राहिले. ऊन खाली आलं होतं, माझी सावली चांगली लांब पडली, टेबलावरून पार फरशीपर्यंत. ल्युबेननं कानातली वायर काढली. पुरली नाही, तेव्हा दोनदा ठेवून मोजली. मी म्हटलं, नीट मोज, कमी पडायला नको.

त्यानं आकडा घातला, नाव घातलं. मग सवयीनं मला विचारलं, काम काय लिहू? मी आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आले. मी म्हटलं, काही लिहू नकोस. नुसतं खाली असू दे.

होकार मीच दिला. बटण दाबलं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग ते आलं. आधी पायांना, मग कमरेला. दुखलं नाही. ईस्टरला चर्चमध्ये गर्दी वाढत जावी तसं एकेक घर येऊन टेकत गेलं. नदीपलीकडची जुनी वस्ती मला स्वतंत्र कळली. तिथे भिंतींना ओल आहे. एका खोलीत कुणी म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. त्यांना खरंच थंडी वाजत होती. राली म्हणाली होती ते खरं होतं, वाईट नाहीत ती माणसं.

मी कशीबशी माझ्या खुर्चीपर्यंत आले आणि बसले. पंप चालू होते, पडद्यांवर सगळं हिरवं, ठीक दिसत होतं. पलीकडे रालीनं कोट अंगावरून बाजूला केला, नाक पुसलं, इकडे तिकडे पाहिलं. गालांवर रंग आला होता. मी काय केलं ते तिला सांगायचं नाही, असं मी ल्युबेनला डोळ्यांनीच बजावलं. त्यानं मान खाली घातली.

“मला भूक लागलीये,” राली मोठ्यानं म्हणाली, ऑफिसभर ऐकू जाईल अशी. “कोपऱ्यावरच्या बेकरीतून चीजची बानित्सा आणा ना कुणीतरी. दोन आणा. लेल्यो, तू आण, तुला तो बेकरीवाला ताजी देतो.”

कित्येक आठवड्यांत तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, आणते की, त्यात काय. टेबलाच्या कडेला हात टेकले आणि उठायला गेले. मला उठवेना. ल्युबेन टोपी घालून खाली गेला.